लांडग्याची खूण

मुळशीला आमच्या आजोळी, देवघराशेजारच्या भिंतीतल्या लांबट फडताळात एक तलवार आहे. ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर येते. आजी तिला विटकरीच्या भुकटीने आणि चिंचेने घासते, कोरड्या फडक्याने पुसते, तेलाचा हात फिरवते. मग हळदकुंकू, झेंडूची माळ. मामा हात जोडतात. दुसऱ्या दिवशी दसरा, सोनं वाटून झालं की तलवार पुन्हा आत.

दोन वर्षांपूर्वी मी मोबाइलचा टॉर्च लावून तिचे फोटो काढत होते. उजेड तिरका पडला आणि मुठीपासून वीतभर अंतरावर पात्यात काहीतरी दिसलं. आठ-दहा कापांची आकृती. चार पाय, लांब अंग, वर उचललेली शेपटी. आजी म्हणाली, "घोडा हाय त्यो. माझ्या सासूबाई पन घोडाच म्हनायच्या." मामांच्या मते तो सिंह होता. मामेभाऊ म्हणाला, कुत्रा.

मामांच्या ओळखीतून ते फोटो पुण्यातल्या एका संग्राहकाकडे गेले आणि दोन दिवसांत त्यांचा फोन आला. तो लांडगा होता. पातं बहुधा जर्मन. खूण अस्सल निघाली तर चांगली किंमत मिळेल, आणि सोबत घराण्याचा एखादा कागद असेल तर त्याहून चांगली.

कागद नव्हता. मामेभावाच्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची फी मात्र भरायची होती. मी इतिहासात एमए केलेलं. मामा मला म्हणाले, "तू लिही की. आपल्या मूळ पुरुषाला लढाईत मर्दुमकी गाजवल्याबद्दल मिळाली म्हणून. घरात सगळे तसंच म्हणतात. खोटं थोडंच आहे?"

त्या "खोटं थोडंच आहे?" वर मी महिनाभर अडकले. त्यातून जे सुचलं ते इथे लिहिते आहे.

*

आधी लांडग्याबद्दल. जर्मनीत डॅन्यूब नदीच्या काठी पासाऊ नावाचं शहर आहे. तिथल्या नगरचिन्हावर लाल लांडगा आहे. मध्ययुगात पासाऊचे तलवारकार आपल्या पात्यांवर धावता लांडगा कोरत. छिन्नीचे मोजके घाव, आणि त्या खाचांत बऱ्याचदा पितळ भरलेलं. या पात्यांचं नाव झालं, तशी तिथून दूर ऱ्हाइनकडच्या सोलिंगेन गावातल्या कारागिरांनीही आपल्या पात्यांवर लांडगा कोरायला सुरुवात केली. सोलिंगेनचा माल पुढे इतका पसरला की आज जुन्या पात्यावर लांडगा दिसला की माणसं आधी सोलिंगेनचंच नाव घेतात. पुढे हा लांडगा कॉकेशसच्या डोंगरापर्यंत गेला. तिथल्या लोहारांनीही तो उचलला, आणि चेचेन लोकांना तो माकडासारखा दिसला, म्हणून त्या पात्यांना त्यांनी माकडाचंच नाव दिलं. आमच्या आजीचा घोडा त्यामानाने जवळचा.

असं एकट्या लांडग्याचं झालं नाही. सोळाव्या शतकात इटलीत बेल्लुनोला आंद्रेआ फेरारा नावाचा नामांकित तलवारकार होता. त्याच्या नावाची पाती स्कॉटलंडमध्ये इतकी खपली की एका माणसाने सात जन्म घेतले असते तरी तेवढी बनवून झाली नसती. त्यांतली बरीचशी सोलिंगेनची. नाव कोरणाऱ्यांनी त्याची अक्षरंही नाना तऱ्हांनी लिहून ठेवली आहेत.

म्हणजे जी खूण अस्सल आहे का म्हणून आपण भिंग घेऊन बसतो, ती पहिल्यापासूनच उसनी असू शकते. सोलिंगेनच्या लोहाराने १६०० च्या सुमारास कोरलेला लांडगा त्या काळच्या पासाऊकराच्या लेखी चोरी होती. आज तोच लांडगा "अस्सल सोलिंगेन" म्हणून विकला जातो. याच सोलिंगेनच्या नावाचं संरक्षण करायला जर्मनीत १९३८ साली खास कायदा झाला. दुसऱ्याची खूण वापरून मोठं झालेलं गाव आपलं नाव दुसऱ्याने वापरू नये म्हणून कायद्याकडे गेलं.

ही पाती आपल्याकडे कशी आली, हे तर शब्दातच आहे. युरोपी पात्याच्या तलवारीला मराठीत फिरंग म्हणतात. सरळ, लांब परदेशी पातं घ्यायचं आणि त्याला इथली मूठ, इथली परज, मागे गज असं सगळं बसवायचं. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात साताऱ्याच्या भवानी तलवारीचं वर्णन उत्तम जिनोवाचं पातं असं केलं आहे. कोल्हापूरच्या महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात वेल्सच्या राजपुत्राकडे गेलेली आणि शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचंही पातं युरोपी, आणि त्यावर आय-एच-एस ही ख्रिस्ताच्या नावाची अक्षरं आहेत. आपल्या लोहारांनीही या परदेशी खुणांची नक्कल केली. अक्षर वाचता येत नसताना अक्षर कोरलं की ते कुठेतरी उलटं होतंच.

*

खूण तपासतात कशी? हे मी एका जाणत्या माणसाशेजारी बसून शिकले. खूण काय आहे हे तो शेवटी पाहायचा. आधी पाहायचा की खूण आणि तिच्या भोवतालचं लोखंड एकाच वयाचं आहे का.

पातं शेकडो वर्षं घासलं जातं, तेव्हा त्याचा पृष्ठभाग खाली जातो आणि खुणेच्या कडा गोलसर होतात. आजूबाजूला गंजाचे खड्डे आहेत आणि खुणेची धार मात्र कालच्यासारखी टोकदार, म्हणजे खूण नंतरची. छिन्नीच्या घावाने धातू बाजूला सरकतो, खाचेच्या काठाला किंचित उचलला जातो. आम्लाने खाल्लेली खूण उथळ, सपाट तळाची असते. आजच्या फिरत्या अवजाराने कोरलेल्या रेषेत भिंगाखाली बारीक बारीक टप्पे दिसतात. खाचेच्या तळाशी गंज आहे का, तो आजूबाजूच्या गंजासारखाच आहे का, पितळाचा एखादा कण कोपऱ्यात अडकून राहिलाय का, असं एकेक पाहत जायचं.

सगळ्यांत फसवी वस्तू कोणती, तर जुन्या पात्यावर नवी खूण. पातं खरंच तीनशे वर्षांचं असतं, त्यामुळे लोखंडाला काहीही विचारा, उत्तर खरंच येतं. तेवढ्या खरेपणाच्या आडोशाला एक खोटं बसवलेलं असतं.

आमचा लांडगा या परीक्षेत पास झाला. कडा झिजलेल्या, तळाशी काळा गंज, पितळ पार गेलेलं. खूण जुनी. पण ती सोलिंगेनमध्ये कोरली की इकडे दख्खनात कोणा लोहाराने गिऱ्हाइकाला आवडते म्हणून कोरली, हे आठ-दहा झिजलेल्या रेषा सांगत नाहीत. आणि त्या झिजल्या कशाने? आजीच्या विटकरीने, तिच्या सासूच्या विटकरीने. संग्राहक म्हणतो, कधीही घासू नका, पुरावा जातो. आजी म्हणते, न घासता पूजा कशी करायची? आमच्या घरातला सगळ्यात मोठा पुरावा आमच्याच भक्तीने पुसत आणला आहे.

*

इथे माझ्या लक्षात आलं की "अस्सल आहे का?" हा एक प्रश्न नाही. त्यात तीन प्रश्न आहेत. वस्तू जुनी आहे का? खूण ज्याची म्हणून दिसते, त्यानेच ती केली का? आणि वस्तूबद्दल जी गोष्ट सांगितली जाते ती खरी आहे का? पहिल्याचं "हो" आलं की आपण बाकीच्या दोन्हींवरही बरोबरची खूण करून मोकळे होतो.

जर्मनीचंच अलीकडचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पदकांवर आणि बिल्ल्यांवर बनवणाऱ्याचे क्रमांक असत. लुडेनशाइडच्या श्टाइनहाउअर उंड ल्युक या कारखान्याचा पदकांवरचा क्रमांक होता ४. युद्धानंतर स्वस्तिक असलेली पदकं घालायला बंदी आली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत कायदा झाला, की स्वस्तिक काढलेल्या रूपात जुन्या सैनिकांना ती घालता येतील. मग ही नवी रूपं त्याच कारखान्याने बनवली. आता समजा, एखाद्या कारखान्यात युद्धकाळातला ठसा शिल्लक होता आणि शांततेच्या काळात कोणीतरी त्यावर जुन्या नमुन्याचा एक बिल्ला ठोकला. तोच कारखाना, तोच ठसा, तोच क्रमांक. बिल्ला खरा की खोटा?

बनवणाऱ्याची खूण खरीच आहे. पण बिल्ला काही कारखान्याचं कौतुक करायला नसतो. तो म्हणतो, अमक्या माणसाने अमुक केलं म्हणून हे त्याच्या छातीवर लावलं. तसा माणूसच नाही, तसा प्रसंगच नाही. खूण खरी आणि बिल्ला खोटा, असं होऊ शकतं. तो खोटेपणा धातूत कितीही भिंगं लावली तरी सापडायचा नाही, कारण तो धातूत नाहीच. आणि बिल्ला अगदी खरा निघाला, तरी ज्या सत्तेने तो दिला तिच्याबद्दल आपलं मत त्या क्रमांकाने बदलायचं कारण नाही. अस्सल असणं आणि गौरवाला पात्र असणं यांत फरक आहे.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली. ज्या पेटीत ती आहेत, तिच्यावर लिहिलंय की ही शिवाजीची, आणि ती ग्रँट डफला साताऱ्यात असताना मिळाली. पेटी अस्सल आहे. तिच्यावरचा मजकूरही जुनाच आहे. पण अफझलखानाचा प्रसंग १६५९ चा, आणि ग्रँट डफ साताऱ्याला आला १८१८ मध्ये. मधल्या जवळपास एकशेसाठ वर्षांबद्दल पेटी गप्प आहे. हीच ती वाघनखं, हे पडताळून पाहणं शक्य झालेलं नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. त्यावर आपल्याकडे बरीच रागावारागी झाली. मला मात्र ते वाक्य आवडलं. ज्याच्या घरात वस्तू आहे त्यानेच असं सांगणं सोपं नसतं. मामांनी सांगितलेलं पत्र डोक्यात असताना तर ते मला फारच अवघड वाटलं.

याच्या उलट एक तलवार. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाखांना घेतली. पातं युरोपी, आणि त्यावर देवनागरीत सोन्याने लिहिलेलं, "श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग". शेवटचा शब्द पाहा. आपल्या नावाशेजारी मालकाने तलवार परदेशी असल्याचं सोन्यात लिहवून घेतलं आहे. लपवाछपवी नाही. तलवार माझी, पातं फिरंगी.

*

आता माझ्या मनातला खरा आक्षेप. लांडगा ही जर चारशे वर्षांची उसनवारी आहे, आणि आज लोक तिलाच अस्सल मानतात, तर माझ्या एका पत्राने काय बिघडणार? अजून दोनशे वर्षांनी तेही "जुना कौटुंबिक कागद" होईल. मामेभावाची फी भरली जाईल. संग्राहकही सुखी. पत्राने कोणाचं रक्त सांडत नाही.

याचं उत्तर मला मराठ्यांच्या काळातल्या महजरांत सापडलं. वतनाचा, शिवेचा तंटा झाला की गोत बसायचं, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा कागद व्हायचा. साक्षीदारांतल्या बहुतेकांना लिहिता येत नसे. मग ते आपापली निशाणी करत. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, कोणाची कुऱ्हाड, कोणाचा दोर. मोडीच्या ओळींखाली काढलेले ते छोटे नांगर मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती नक्षी वाटली होती. ते सही होते. नांगर काढणारा माणूस म्हणत होता की हे मी पाहिलं आहे, उद्या विचाराल तर मी गावातच आहे.

खूण म्हणजे मूळची ही गोष्ट. चांगल्या मालाचा छाप हा तिचा नंतरचा धंदा. खुणेमागे कोणीतरी उभा असतो, ज्याला जाब विचारता येतो. सोलिंगेनच्या लोहाराने लांडगा चोरला, ते बरोबर नव्हतंच. पण त्याच्या गिऱ्हाइकाला पातं वाकवून बघता येत होतं. ते तुटलं तर तुटलं, टिकलं तर टिकलं. खुणेच्या खोटेपणावर लोखंडाची एक तपासणी होती. माझ्या पत्राला अशी तपासणी नाही. भूतकाळाबद्दलचं वाक्य वाकवून पाहता येत नाही. ते लिहिणाऱ्याच्या शब्दावरच उभं असतं. म्हणून खोट्या छापापेक्षा खोटी साक्ष वाईट.

आणि जुनं झालं म्हणून खोटं खरं होत नाही. चारशे वर्षांनी चोरलेला लांडगा पासाऊचा झालेला नाही. तो फक्त आता आपल्याला चोरीबद्दल सांगतो. तसंच माझं पत्र दोनशे वर्षांनी कोणाच्या हाती लागलं, तर ते मूळ पुरुषाबद्दल काहीच सांगणार नाही. ते मामांच्या अडचणीबद्दल आणि माझ्या भित्रेपणाबद्दल सांगेल.

पण मग मामांचं "घरात सगळे तसंच म्हणतात"? तेही मी झटकून टाकू शकत नव्हते. आमच्या घरात कागद का नाही, हे मुळशीत कोणालाही माहीत आहे. जुनं गाव धरणात गेलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, इथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी तो पुढे चालवला, आणि तरी शेवटी पाणी चढलं. ज्यांच्या जमिनी, देवळं, वाडे पाण्याखाली गेले, त्यांना शंभर वर्षांनी "कागद दाखवा" म्हणणं हा एक क्रूरपणाच आहे. कागद नाही म्हणजे इतिहास नाही, असं होत नाही.

म्हणून मी आजीपाशी बसले आणि महजरासारखं विचारत गेले. तू स्वतः काय पाहिलंस? ती म्हणाली, लग्न होऊन आले त्या पहिल्या दसऱ्याला. १९६२ असावं, चीनच्या लढाईचं साल. तेव्हापासून तलवार इथेच. त्याआधी? "सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासऱ्यांनी गाव सोडताना घोंगडीत गुंडाळून डोक्यावर आणली. देव टोपलीत आन् ही डोक्यावर." आणि लढाई? आजी थोडा वेळ गप्प राहिली. "लढाईचं मला कुनी सांगितलं न्हाई. ते तुझा मामाच म्हनतो."

*

मी पत्र लिहिलं. चारच मुद्दे. एक, ही तलवार १९६२ पासून या घराच्या देवघरात असल्याचं आजीने स्वतः पाहिलं आहे. दोन, धरणात गाव जाताना ती घोंगडीत गुंडाळून आणली, असं आजीने सासूकडून आणि सासूने तिच्या सासऱ्यांकडून ऐकलं आहे. तीन, पात्यावर चार पायांच्या प्राण्याची छिन्नीने कोरलेली खूण आहे, ती युरोपी लांडग्याच्या खुणेसारखी दिसते, आणि तिची झीज पात्याच्या झिजेशी जुळते. ती कुठे कोरली हे खुणेवरून ठरत नाही. चार, तलवार मुळात कोणाची होती याची आठवण किंवा कागद घरात नाही. खाली आजीचा अंगठा, माझी सही. शेवटी एक ओळ वेगळी लिहिली, की शंभर वर्षांपुढची वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे.

संग्राहकाने पत्र दोन मिनिटांत वाचलं. चांगलं लिहिलंय म्हणाले, आणि नुसत्या पात्याची किंमत सांगितली. मामांनी मनात धरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी. मामांनी तलवार परत घोंगडीत गुंडाळली. गाडीत ते एवढंच बोलले, "एवढी शिकलीस, ती घरच्यांना आडवं यायला?"

फी शेवटी पतसंस्थेच्या कर्जाने भरली. हप्ते अजून चालू आहेत. भाऊबीजेला मामा आईकडे आले, माझ्याशी कामापुरतं बोलले. मी बरोबर वागले असं मला वाटतं, पण हप्ते मी भरत नाही, ते भरतात. हे लिहिताना ते विसरायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

गेल्या खंडेनवमीला आजोळी गेले. फडताळ उघडलं तर तलवारीसोबत प्लास्टिकच्या पिशवीत माझं पत्र नीट घडी करून ठेवलेलं. मामांनीच ठेवलं होतं. शेवटच्या मुद्द्याखाली, आजीच्या अंगठ्याशेजारी, त्यांनी आपली सही केली होती. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

आजी विटकर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "तुझ्या लांडग्यावरनं हात हलका फिरवू का?"

मी म्हटलं, "आजी, तू घास. पण चिंच जरा कमी लाव."